आठवी ‘ब’चा राहिलेला धडा

हिलाल सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेच्या खोलीत उभी होते. मुलं मान खाली घालून लिहीत होती. शिपाई दारात आला, खुणेनं मला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, हिलाल सर ऱ्हायनात नही... सकायले.” लोक सांगतात की अशा वेळी माणसाला काही सुचत नाही. मला सुचलं. पहिलं सुचलं ते हे, की आता आठवी ‘ब’चा समचलनाचा धडा मलाच घ्यावा लागणार. रडूही आलं, नाही असं नाही. पण ते दुसऱ्या नंबरावर आलं. ज्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी आयुष्यातली अर्धीअधिक नोकरी केली, त्याच्या जाण्याची बातमी ऐकून मला आधी अभ्यासक्रम आठवावा, याची लाज त्या दिवसापासून मनातून हलायला तयार नाही.

आमची शाळा नंदुरबारहून शहाद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आसपास मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे मोकळ्या मैदानांत लाल मिरची पसरून वाळवायच्या जागा. आमच्या बऱ्याच मुलांच्या आया हंगामात त्या पथाऱ्यांवर कामाला जातात, आणि त्या दिवसांत वर्गात कुणीतरी सारखं शिंकत असतं. हिलाल सर राहायला पुढे प्रकाशाला, तापीच्या काठी. उंच, सावळे, शर्टाच्या खिशात कायम दोन खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. मी नाशिकची, लग्न करून इकडे आलेली. स्टाफरूममध्ये सगळे अहिराणीत बोलायचे आणि मी मात्र शुद्ध मराठीत उत्तरं द्यायचे. “मॅडम, तुम्ही पुस्तकनामायक बोलतस,” पुस्तकासारखं बोलता, असं सर चिडवायचे. पुढे मला अहिराणी नीट कळायला लागली, पण बोलायचं धाडस काही झालं नाही. सरांनी चिडवणंही सोडलं नाही.

वाटणी अशी होती की नववी-दहावीचं गणित त्यांच्याकडे आणि आठवीच्या दोन्ही तुकड्या माझ्याकडे. पण एक धडा सोडून. समचलनाचा धडा दर वर्षी दोन्ही तुकड्यांत सर घ्यायचे. हा रिवाज मी येण्यापूर्वीचा. ज्यांचा गणिताशी संबंध सुटला त्यांच्यासाठी सांगते : एक गोष्ट जितक्या पटीनं वाढते तितक्याच पटीनं दुसरी वाढत असेल, तर त्या दोन गोष्टी समचलनात आहेत असं म्हणतात. एका वहीला अमुक पानं, तर तीन वह्यांना तिप्पट. त्या दोन्हींना जोडणारा जो न बदलणारा आकडा, तो चलनाचा स्थिरांक, मुलांच्या भाषेत ‘के’. शाब्दिक उदाहरण वाचायचं, दिलेल्या आकड्यांवरून के काढायचा, समीकरण मांडायचं, उत्तर लिहायचं आणि खाली दोन रेघा मारायच्या. मी शिकवायचं म्हटलं तर दोन तासांत संपणारा धडा. त्यात काय एवढं, असं मला पहिल्या वर्षापासून वाटत आलं.

सरांना मात्र तो आठवडाभर पुरायचा. त्यांच्या घरी मुलांच्या पाळण्याची एक जुनी स्प्रिंग होती. मुलं मोठी झाली, पाळणा माळ्यावर गेला आणि स्प्रिंग शाळेत यायला लागली. धड्याच्या दिवशी सर ती व्हरांड्यातल्या हुकाला अडकवायचे. प्रत्येकानं घरून काहीतरी आणायचं, टांगायला. कुणी कांदे आणायचं, कुणी मक्याची कणसं, कुणी पपई, एकानं म्हणे बापाचे बूट आणले होते. एक पपई टांगली की स्प्रिंग किती लांबली त्याची खडूनं भिंतीवर खूण. दोन पपया टांगल्या की पुन्हा खूण. मुलांचा आरडाओरडा माझ्यापर्यंत यायचा. आणि गणित फळ्यावर चढायच्या आधी सरांचा एक प्रश्न ठरलेला असायचा, तोही अहिराणीत, “दोन्ही संगे वाढतस का, ते पहिले दखा.” उत्तर नंतर. आधी बघा, की या दोन गोष्टी खरोखर बरोबरीनं वाढतात का. नसतील वाढत तर के काढायचाच नाही, वही मिटायची.

‘माझ्यापर्यंत यायचा’ असं म्हटलं, कारण मी तिथं नसायचे. सर माझा तास घेतायत म्हणजे मला तो तास मोकळा. “तुम्ही चहा ल्या मॅडम, आठे मी शे,” इथं मी आहे, असं ते म्हणायचे आणि मी खरंच स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्यायचे, चाचणीचे पेपर तपासायचे, कधी घरी फोन करायचे. इतक्या वर्षांत एकदाही मी तो धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहिला नाही. भिंतीपलीकडे चाललं होतं. उठून चार पावलं गेलं असतं तर दिसलं असतं.

आणि अगदी खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागच होता. जुने विद्यार्थी शाळेत यायचे, कुणी कंडक्टर झालेला, कुणी नर्स, कुणी सुरतेला कापडाच्या दुकानात. माझ्या पाया पडायचे, “मॅडम, कशा आहात” म्हणायचे, आणि मग सरांकडे वळून म्हणायचे, “सर, ती स्प्रिंग आहे का अजून?” वर्षभर आठवीला राबायचं मी. विस्तार सूत्रं मी शिकवली, अवयव मी पाडून घेतले, वर्गमूळ, घनमूळ, सगळं माझं. आणि पोरांच्या लक्षात काय राहिलं, तर पाळण्याची स्प्रिंग. घरी नवऱ्याला मी एकदा म्हटलंही होतं, की सर शिकवत नाहीत, तमाशा करतात. सरांच्या तोंडावर मी असं कधी बोलले नाही. तोंडावर मी फार गोड होते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर सरांच्या पोटाचं दुखणं निघालं. इकडचा माणूस अशा वेळी सुरत गाठतो, तसे ते गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये हजेरीपत्रकं माझ्याकडे देताना म्हणाले, “मॅडम, बाकी सगळं तुम्ही दखा. तो एक धडा मन्हाकरता ऱ्हाऊ द्या. मी यी जासू.” धडा त्यांच्यासाठी ठेवायचा, ते परत येणार होते. मी म्हटलं, “सर, धड्याचं काय घेऊन बसलात, आधी बरे व्हा.” ते हसले. “त्याकरताच बरं व्हनं शे,” म्हणाले. मला ते बोलणं तेव्हा विनोदाचं वाटलं. आता वाटत नाही.

दिवाळीच्या आधी घटक चाचणी होती. अभ्यासक्रमात समचलनाचा धडा चाचणीच्या आत येत होता. तो पुढे ढकलता आला असता, मुख्याध्यापकांना एक शब्द टाकला असता तर चाचणीत त्या जागी दुसरा धडा घालता आला असता, कुणाचं काही अडलं नसतं. पण मी शब्द टाकला नाही. आठवी ‘अ’वर गेले आणि दोन तासांत धडा उरकला. के काढायचा कसा, समीकरण मांडायचं कसं, पाच उदाहरणं फळ्यावर, पाच घरी. मुलं पटापट करायला लागली. मला समाधान वाटलं, आणि समाधानाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. बघा, स्प्रिंगशिवाय पण येतं की... असं काहीतरी. ‘ब’चे तास मात्र बुडाले, तिथं धडा राहिला आणि त्यांच्या चाचणीत तो प्रश्न गाळावा लागला. त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. शस्त्रक्रिया झाली होती, आवाज खोल गेला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तो धडा ऱ्हायना शे ना?” मी म्हटलं, “तुम्ही आराम करा सर, इकडची काळजी करू नका.” हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आजारी माणसाला कशाला सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालून घेण्यात मी पहिल्यापासून हुशार.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एका सकाळी सर शाळेत हजर. डॉक्टरांनी परवानगी दिली नव्हती, हे नंतर कळलं. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा असा लोंबत होता, डोक्याला मफलर, हातात कापडी पिशवी. कुणाशी फार न बोलता ते सरळ आठवी ‘अ’मध्ये गेले. माझाच तास होता. सरांना बघून मुलं उठून उभी राहिली, कुणी टाळ्या वाजवल्या. सरांनी पिशवीतून स्प्रिंग काढली. “उद्या सगळ्यांनी घरून काय काय आणायचं, ठाऊक आहे ना?” त्यांनी विचारलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, तो धडा झाला. मॅडमनी घेतला.”

मी फळ्याजवळ उभी होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी आज हे लिहायला बसलेच नसते, भांडण म्हणून विसरून गेले असते. त्यांनी स्प्रिंग पुन्हा पिशवीत घातली. “बरं झालं,” म्हणाले, “मॅडमनी घेतला म्हणजे पक्का झाला. मग एक सोपं विचारतो.” आणि त्यांनी विचारलं, “एका पथारीवरची मिरची वाळायला आठ दिवस लागतात. तशाच पाच पथाऱ्यांवर एकाच दिवशी मिरची पसरली, तर सगळी वाळायला किती दिवस लागतील?” वर्गभर हात वर गेले. एक मुलगा फळ्याशी आला. के बरोबर आठ. आठ गुणिले पाच. चाळीस दिवस. खाली दोन रेघा, पट्टीनं मारल्यासारख्या सरळ, मी शिकवल्या होत्या तशा. “चाळीस, सर,” बाकीच्यांनी एका सुरात साथ दिली. ज्यांच्या आया रोज संध्याकाळी अंगाला मिरचीचा वास घेऊन घरी येतात, ती ही मुलं. ऊन काय एका पथारीचं संपल्यावर दुसरीवर जातं? चौथीतल्या पोराला रस्त्यात अडवून विचारलं असतं तरी त्यानं आठच सांगितले असते. आठवीतल्या माझ्या मुलांना मी चाळीस म्हणायला शिकवलं होतं.

सरांनी उत्तर खोडलं नाही. “कुणाची आई पथारीवर जाते?” त्यांनी विचारलं. पुष्कळ हात वर झाले. “मग घरी जाऊन आईला विचारा. उद्या मला सांगा.” एवढं बोलून ते बाहेर आले. व्हरांड्यात मी त्यांच्या मागे गेले. काहीतरी बोलायला हवं होतं... चाचणीचं कारण जिभेवर तयारही होतं. पण त्यांनीच हात वर करून मला थांबवलं. श्वास लागला होता. खांबाला टेकून ते म्हणाले, “‘ब’ वर्ग तरी मन्हाकरता ऱ्हाऊ द्या मॅडम.” मी म्हटलं, “ठेवते सर. नक्की ठेवते.”

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आदल्या रात्रीच ताप भरला होता, आणि मग शाळेत यायचं झालंच नाही. पोरं मात्र घरी विचारून आली होती. सर नाहीत म्हटल्यावर उत्तर मलाच सांगायला लागली. “मॅडम, आई हसली,” एक मुलगी म्हणाली. “आई म्हणाली, तुमच्या शाळेत ऊन वाटून देतात का?” वर्ग हसला. मीही हसले, “बरोबर, बरोबर” म्हटलं आणि पुढचा धडा काढला. त्या क्षणी थांबून, चुकले मी, असं वर्गाला सांगता आलं असतं. माझ्या हातून झालं नाही, आणि पुढच्या धड्यात मुलंही ते विसरली असावीत. मी अजून विसरलेले नाही.

‘ब’चा धडा मात्र मी राखून ठेवला. राखून म्हणजे हट्टानं. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, पुढचे धडे संपले, मधला तेवढा कोरा. मुख्याध्यापकांनी दोनदा टोकलं, मी ऐकलं नाही. आता वाटतं, हे म्हणजे वरातीमागून घोडं. सरांना बघायला म्हणून मी एकदाच प्रकाशाला गेले. ते झोपून होते. मी म्हटलं, “सर, ‘ब’चा ठेवलाय.” त्यांनी डोळे उघडले, मान हलवली आणि पुन्हा मिटले. मी ते सांगून माझं मन हलकं केलं की त्यांच्या मनावर ओझं टाकलं, हे मला ठरवता येत नाही. ज्याला उठून बसता येत नाही त्याला, तुमचं काम तुमची वाट बघतंय, असं सांगायला मी मुद्दाम प्रकाशापर्यंत गेले होते.

तेरावा झाल्यावर मी पुन्हा गेले. मनात असं होतं की मंगलाताईंकडे, सरांच्या पत्नीकडे, ती स्प्रिंग मागावी आणि ‘ब’चा धडा तरी सरांच्या पद्धतीनं घ्यावा. दारातून आत पाऊल टाकलं तर ओसरीतच पाळणा टांगलेला. थोरली मुलगी बाळंतपणाला आली होती, सर गेले त्याच्या थोडं आधी तिला मुलगी झाली. वरच्या कडीला तीच स्प्रिंग, खडूच्या पांढऱ्या डागांसकट ओळखीची. बाळ झोपलं होतं आणि पाळणा किंचित खालीवर होत होता. स्प्रिंग मागायचा प्रश्नच नव्हता. मी खाली सतरंजीवर बसले. मंगलाताईंनी चहा आणला आणि माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, “मॅडम, ते कायम सांगेत, मॅडमनी मन्हं काम हलकं करी टाकं. तो धडा त्यासनी मन्हाकरता लेई टाका. नही तं मी तापमा बी तसाच उठीसन गया असतू.” आणि डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्हना उपकार शेत. त्यासले तेवढा आराम भेटना.”

सरांनी घरी असं सांगितलं होतं. मी त्यांच्यासाठी धडा घेतला, त्यांचा भार उचलला, त्यांना आराम मिळाला. मला वाचवायला सांगितलं, की स्वतःच्या मनाला समजवायला, की त्यांना खरंच तसं वाटलं... विचारायला आता कुणी नाही. मंगलाताईंच्या समोर मला म्हणता आलं असतं की ताई, तसं नाही. मी चहा प्यायले. निघताना त्यांनी घरची मिरचीची पूड बांधून दिली, मी ती घेतलीसुद्धा. ताई हा लेख वाचतील तेव्हा त्यांना खरं कळेल. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी छापून सांगते आहे, हे पण त्यांच्या लक्षात येईल.

मग मी सरांच्या धड्याची चौकशी सुरू केली. जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. एवढं ठाऊक होतं की पपया टांगायच्या, खुणा करायच्या, पण पुढं काय? सर धडा संपवायचे कसा? एक म्हणाला, सर शेवटी शाळेची घंटा टांगायचे आणि स्प्रिंग इतकी ताणली जायची की नियमच मोडायचा. दुसरी म्हणाली, छे, घंटा कुठली, सर स्वतः हुकाला लोंबकळायचं नाटक करायचे आणि आम्ही ओरडायचो. तिसरा म्हणाला, “मॅडम, मला आठवतं ते असं, की सर सगळं काढून टाकायचे. स्प्रिंग रिकामी. आणि विचारायचे, आता काहीच टांगलं नाही, मग के गेला कुठं?” उत्तर काय द्यायचे, ते त्याला आठवत नव्हतं. कदाचित दर वर्षी शेवट वेगळा असेल. मला त्या धड्यातलं कुठलंही उदाहरण झोपेत विचारा, सोडवून देईन. पण तो धडा मला येत नाही, आणि ज्या वर्षांत शिकता आला असता त्या वर्षांत मी शेजारच्या खोलीत चहा पीत होते.

होळी झाली की आमच्या शाळेत मुलं परत यायला लागतात. धडगावकडच्या डोंगरातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला गावी येतात. त्यांच्याबरोबर गेलेली मुलं वार्षिक परीक्षेपुरती वर्गात दिसतात. परवा आठवी ‘ब’मध्ये रमिला आली, वसतिगृहात राहते ती. तिचा मोठा भाऊ आमच्याच शाळेत शिकून गेला. तास सुरू होता, मी पाठमोरी फळ्यावर उजळणीचं उदाहरण लिहीत होते. तिनं मागं राहिलेलं काय काय आहे ते बघायला आजूबाजूच्या मुलींची पुस्तकं चाळली असावीत. म्हणाली, “मॅडम, ह्या धड्यावर कुणाच्याच पुस्तकात पेन्सिलीची खूण नाही. हा घेतला नाही का?”

मी मागं न वळता, लिहिता लिहिता, इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाले, “तो धडा सर घेतात.”

म्हटलं आणि खडू थांबला. बाहेरून शहादा गाडी गेली. वळून पाहिलं तर सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. संक्रांतीनंतरच्या त्या सकाळी ही सगळी मुलं ओळीनं मैदानात उभी राहिली होती, सरांसाठी दोन मिनिटं डोळे मिटून. त्या सकाळी नव्हती ती फक्त रमिला. तिला शाळेत येऊन जेमतेम दोन तास झाले होते, आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं तिचा हात धरला होता.

“भाऊ सांगतो, सरच घेतात तो,” रमिला म्हणाली. “मग थांबू आपण, मॅडम.” आणि तिनं पुस्तक मिटलं.

मुलं अजून माझ्याकडेच बघत होती, मी आता तिला सांगेन म्हणून. मी फळ्याकडे वळले आणि उदाहरण पुरं केलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या.